तेल घातल्यावर बोलायचं नाही

रात्रभर एसटीत बसून मी ठाण्याहून पहाटे फलटणला उतरले, रिक्षा करून घरी आले, तर दार नुसतं लोटलेलं. आत पाऊल टाकलं आणि हातातली बॅग तिथंच गळून पडली.

अप्पा कॉटवर उताणे पडले होते. मानेखाली लोड, डोकं कॉटच्या कडेवरून मागं लोंबतंय, डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं. आणि एक परकी बाई त्यांच्यावर वाकली होती. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, चष्मा कपाळावर चढवलेला. एका हाताच्या अंगठ्यानं तिनं अप्पांच्या नाकाचा शेंडा वर उचलून धरला होता आणि दुसऱ्या हातात काचेचा बारका ड्रॉपर होता.

"अप्पा!" मी किंचाळलेच.

अप्पा दचकले. उठायला गेले, पण बाईनं त्यांच्या कपाळावर तळहात दाबून धरला.

"हलायचं नाही. आणि बोलायचं तर मुळीच नाही." मग माझ्याकडे मान न वळवताच म्हणाली, "तूही थांब जरा, बाळ. आणि चपला बाहेर काढून ये."

मी चाळिशी उलटलेली, दोन पोरांची आई, बँकेत माझ्या हाताखाली पाच माणसं. मुकाट्यानं बाहेर गेले आणि चपला काढून आले.

खोलीत तिळाच्या तेलाचा आणि कसल्याशा झाडपाल्याचा उग्र वास भरला होता. बाईनं दुसऱ्या नाकपुडीत थेंब सोडले, अप्पांच्या गालांवर, नाकाच्या दोन्ही बाजूंना बोटांनी हळूहळू चोळलं. अप्पा डोळ्यांनीच माझ्याकडे बघून हसत होते. उलटं हसू किती विचित्र दिसतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. थोड्या वेळानं बाईनं खूण केली, तसे ते कुशीवर वळले, कॉटखालच्या घमेल्यात थुंकले, खाकरले आणि उठून बसले.

"सुले! अगं फोन तरी करायचास!"

"तुम्हाला काय झालंय?"

"कुठं काय? नस्य चाललंय. नाकात तेल. वैद्यांनी सांगितलंय रोज सकाळी घालायला." मग बाईकडे हात करून म्हणाले, "या इंदुमती शेवाळे. मुलींच्या शाळेत शिवणाच्या बाई होत्या. आणि ही माझी सुलक्षणा."

"ओळखलं मी," शेवाळेबाई म्हणाल्या. "नाक तुमचंच आहे."

त्यानंतर जे झालं ते मी आणखीच डोळे विस्फारून बघत राहिले. बाईंनी चष्मा काढून खिडकीत ठेवला, कॉटवर आडव्या झाल्या, लोड मानेखाली घेतला आणि डोकं मागं सोडलं. अप्पांनी गरम पाण्याच्या वाटीत ठेवलेली बाटली उचलली, तेलाचा थेंब मनगटावर टाकून कढत नाही ना ते बघितलं आणि वाकले. एसटीचं स्टिअरिंग फिरवून फिरवून राठ झालेले ते हात. आम्हा भावंडांना लहानपणी त्या हातांची धास्ती वाटायची. त्या हातांनी अप्पांनी बाईंच्या नाकात असे थेंब सोडले, जसा कोणी समईत तेल घालताना ज्योत हलू नये म्हणून जपतो.

बाई गेल्यावर मी चहा टाकला आणि विचारलं, "हे काय नवीन?"

"नवीन कुठलं, पावसाळ्यापासून चाललंय. डिझेलचा धूर, घाटातली धूळ, सगळा जन्म त्यात गेला. नाक म्हणजे नुसता मातीचा बोळा झाला होता. रात्री तोंड उघडं टाकून झोपायचो आणि सकाळी घशाला कोरड पडायची. वाचनालयात नेर्लेकर वैद्यांनी शिबिर घेतलं, म्हणून गेलो. ते म्हणाले, तेल दुसऱ्यानं घातलेलं बरं, आपलं आपल्याला नीट जमत नाही. घरी कोण आहे त्याला घेऊन या." अप्पांनी बशीत चहा ओतला. "सगळ्यांच्या घरी कोण ना कोण होतं. दोघंच अशी निघाली की ज्यांच्या घरी कोणी नाही. मी आणि बाई. वैद्य म्हणाले, मग तुम्हीच एकमेकांना घाला."

"आणि लागलात घालायला?"

"मग काय! वैद्याचं ऐकायला नको?" असं म्हणून त्यांनी बशी तोंडाला लावली ती बराच वेळ खाली घेतली नाही.

आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. माझा भाऊ दुबईत. आदल्याच महिन्यात अप्पांना न्हाणीघरात चक्कर आली आणि शेजारच्यांनी दार ढकलून त्यांना बाहेर काढलं, तेव्हाच माझं आणि महेंद्रचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, ठरलं होतं की आता त्यांना एकटं ठेवायचं नाही. पोरांनी आपली खोली आजोबांसाठी मोकळी केली होती. खिडकीतून खाडी दिसेल अशी कॉट लावली होती. मी पुढं येऊन बांधाबांध करायची आणि रविवारी महेंद्रनं गाडी घेऊन यायचं.

हे सगळं मी अप्पांना सांगितलं. ते भांडतील म्हणून मी गाडीतच सगळी उत्तरं तयार करून आणली होती. पण ते भांडले नाहीत. नुसते ऐकत बसले.

"पोरांनी खोली दिली?" त्यांनी विचारलं.

"स्वतःहून."

"गुणी आहेत." मग म्हणाले, "आणि तेल?"

"मी घालीन की! त्यात काय मोठं?"

"हो, त्यात काय मोठं," अप्पा म्हणाले आणि उठून जास्वंदीला पाणी घालायला गेले. त्यांनी पाणी एकाच कुंडीत इतकं घातलं की खालून ओघळ निघून अंगणभर पसरला.

संध्याकाळी ते बाईंना सांगून आले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या नाहीत. अप्पा दात घासून, तोंड धुऊन, बाटली गरम पाण्यात ठेवून तयार बसले होते. उगाचच दोनदा दारापर्यंत जाऊन आले.

"पडा अप्पा. मी घालते."

ते पडले. मी बाई करत होत्या तसंच करायला गेले. पहिले थेंब ओठावर पडले. दुसरे सरळ डोळ्यात. मी "अगं बाई!" म्हणून पदरानं पुसायला गेले तर ड्रॉपरचं टोक त्यांच्या नाकात टोचलं आणि अप्पांना अशी शिंक आली, अशी शिंक आली की सगळं तेल माझ्या चष्म्यावर. पाठोपाठ आणखी शिंका. शेजारच्या कुत्र्यानं भुंकायला सुरुवात केली. मी हसून हसून खाली बसले. अप्पाही हसले. डोळा चोळत म्हणाले, "चांगलं घातलंस."

"अप्पा, खोटं बोलू नका."

"जमेल गं. रोज करून करून जमेल."

हसणं ओसरल्यावर ते खिडकीतून रस्त्याकडे बघत बसले. मला वाटलं, डोळा चुरचुरतोय म्हणून.

दुपारी मी ठरवलं, हे नीट शिकूनच जायचं. पत्ता विचारत विचारत शेवाळेबाईंच्या घरी पोचले. मारुतीच्या देवळामागं दोन खोल्यांचं घर, ओट्यावर शिवणाचं मशिन. बाई एका ब्लाउजला हूक लावत होत्या.

"ये. मला वाटलंच, येशील," त्या म्हणाल्या. "डोळ्यात गेलं ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"शिंका इथवर ऐकू आल्या." आणि त्या इतक्या मनापासून हसल्या की मीही हसायला लागले.

त्यांनी सुई उशीत खोचली, पाणी तापवलं, बाटली काढली. "सांगून येत नाही हे. माझ्यावरच शीक. मी अजून घातलेलं नाही आज." आणि खरोखरच कॉटवर आडव्या होऊन त्यांनी मान मागं सोडली.

"आधी हात धू. मग कपाळापासून गालांपर्यंत चोळ. घाई नको. एकदम नाकालाच हात घातलास की माणूस बिचकतं. हां, असं. आता अंगठ्यानं शेंडा वर. नाकाला टेकवायचं नाही, वरूनच सोडायचं. दोनच थेंब. आता सांगते ते लक्षात ठेव, कारण तेल आत गेलं की मला बोलता यायचं नाही. थोरातांची, म्हणजे तुझ्या अप्पांची, डावी नाकपुडी अरुंद आहे. ती आधी घाल आणि थेंब अगदी सावकाश सोड. तेल अंगठ्याला कोमट लागलं पाहिजे, गार असलं की त्यांना शिंका येतात. घातल्यावर त्यांना लगेच काहीतरी सांगायचं असतं. नेहमीच. कुठली तरी एसटीतली गोष्ट. कपाळावर हात ठेवलास की गप्प बसतात. आणि सर्दी असली की ते सांगत नाहीत. आवाजावरून ओळखायचं. सर्दीत तेल बंद."

मी थेंब सोडले. बरोबर आत गेले. त्यांनी हात उचलून 'छान' अशी खूण केली आणि डोळे मिटून पडून राहिल्या.

मी त्यांचे गाल चोळत होते. पासष्टीच्या आसपासची ती बाई, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं पडलेलं, पण कातडी कशी मऊ. मला आईची आठवण झाली. थोड्या वेळानं त्या उठल्या, थुंकून आल्या, कोमट पाण्यानं चूळ भरली.

"आता तुम्हाला कोण घालणार?" मी विचारलं.

"आरशात बघून घालीन. सुरुवातीचे दोन दिवस तसंच घालत होते की. निम्मं कानात जायचं." त्या पुन्हा हसल्या.

"घरी कोणीच नाही?"

"वडील लवकर गेले. तीन भावंडांचं करता करता माझं राहून गेलं. भावंडं चांगली आहेत हो, बारामतीत आहेत, पुण्यात आहेत, दिवाळीला नेतात. नाही असं नाही." त्यांनी ब्लाउज पुन्हा हातात घेतला. "थोरातांना ठाण्यात बरं वाटेल. नातवंडांत माणूस रमतं. फक्त त्यांना खिडकीजवळ निजवू नका, वारा सोसत नाही."

आम्ही तर कॉट मुद्दाम खिडकीजवळ लावली होती.

बाईंनी सुई उचलली आणि दोरा ओवायला लागल्या. दोरा काही केल्या जाईना. मी त्यांच्या हातून घेतला आणि ओवून दिला. तेव्हा मी बघितलं की त्यांचे डोळे भरलेत. नाकात तेल घातलं की डोळ्यांना पाणी येतंच, असं त्या म्हणाल्या. माझ्या हातून त्या दिवशी थेंब अगदी नीट पडले होते, तरी मी "हो" म्हणाले.

घरी आले तर अप्पा ट्रंकेसमोर बसून शर्टांच्या घड्या घालत होते. एकच शर्ट उलगडत होते आणि परत घडी घालत होते. मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले.

"अप्पा, तुम्हाला बाई आवडतात?"

शर्ट त्यांच्या मांडीवर पडला. "सुले, बापाला कोणी असं विचारतं का?"

"मग कोणी विचारायचं? दादा दुबईला. नातवंडांनी विचारायचं का?"

"काहीतरीच तुझं." त्यांचे कान लाल झाले होते. सदुसष्ट वर्षांच्या माणसाचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला मनातून इतकी गंमत वाटत होती की हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

"अप्पा."

 ते खाली बघूनच म्हणाले, "तुझी आई गेल्यापासून माझ्या कपाळाला कोणी हात लावला नव्हता गं. न्हाव्यानं काय लावला असेल तेवढाच. तुम्ही पोरं येता, पाया पडता, डबे भरून देता. पण कपाळाला कोण हात लावणार? पहिल्या दिवशी बाईंनी हात ठेवला आणि मी…" त्यांनी मांडीवरचा शर्ट उचलला. "वैद्य म्हणाले, तेल लागू पडलं. मी म्हटलं, हो, लागू पडलं."

मला तोवर वाटत होतं, ते घर सोडायला नाराज आहेत. जुनं घर, जास्वंद, स्टँडवरचे मित्र. मी त्यांची उत्तरं तयार करून आणली होती. या गोष्टीला माझ्याकडे उत्तरच नव्हतं, आणि नव्हतं याचाच मला विलक्षण आनंद झाला.

"त्यांना सांगितलंत?"

"वेडी आहेस का? या वयात? बाई काय म्हणतील? उद्यापासून यायच्या बंद व्हायच्या."

"त्या आजच बंद झाल्यात अप्पा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. घाटात समोरून गाडी आली की ड्रायव्हर बघतो ना, तसं.

मी उठून बाहेर गेले आणि महेंद्रला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे रविवारी गाडी रिकामीच परत न्यायची?"

"तसं दिसतंय."

"मग येताना पेढे घेऊन येतो," तो म्हणाला. महेंद्रचं मला आवडतं ते असं.

संध्याकाळी मी पुन्हा मारुतीच्या देवळामागं गेले आणि बाईंना म्हटलं, "मला एकटीला धीर होत नाही. उद्या शेवटचं या, माझा हात बघून जा." त्या आधी नाही म्हणाल्या, मग कसला तरी विचार करून हो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. तेल घालायला कोणी इस्त्रीचा शर्ट घालत नाही. बाई आल्या. त्यांनीही कधी नव्हे ते अबोलीचा गजरा माळला होता आणि आल्या आल्या सांगून टाकलं की देवळात कोणीतरी दिला.

"आधी कोण?" मी विचारलं.

"आधी बाई," अप्पा म्हणाले. "माझा हात अजून बरा आहे, तोवर घालून घेऊ."

बाई आडव्या झाल्या. गजरा चुरगळू नये म्हणून त्यांनी काढून उशाशी ठेवला. अप्पांनी तेल मनगटावर बघितलं. गाल चोळले. डावीकडे दोन थेंब, उजवीकडे दोन थेंब. हात जरासुद्धा कापला नाही. बाटलीचं बूच लावलं. आणि मग, माझा बाप, ज्यानं जन्मभर योग्य स्टॉपवर गाडी थांबवली, त्यानं नेमकी ती वेळ निवडली.

"इंदुमती," ते म्हणाले.

बाईंनी डोळे उघडले.

"मी ठाण्याला जाणार नाही. म्हणजे, तुम्ही नको म्हणालात तर जाईन. पण तुम्ही हो म्हणालात तर इथंच राहीन. आपण दोघं. रीतसर लग्न करून. हिची हरकत नाही, हिनंच मला बोलतं केलंय."

बाई तशाच पडून होत्या, उलट्या, नाकात तेल, डोळे सताड उघडे. त्यांना बोलता येत नव्हतं. हे अप्पांच्या लक्षातच आलं नव्हतं. उत्तर येईना, तसा त्यांचा धीर सुटायला लागला.

"मला पिठलं येतं. मटणही चांगलं येतं, तुम्ही खात नसलात तर करणार नाही. घोरायचो पूर्वी, आता कमी झालं असावं, पण सांगणार कोण? देवधर्म फार करत नाही. तुमच्या भावांना मी स्वतः जाऊन भेटेन. आणि तुम्हाला हे सगळं वेडेपणाचं वाटत असेल तर मी बोललोच नाही असं समजा. म्हणजे तेल आपण…"

बाईंनी पडल्या पडल्या हात वर केला आणि अप्पांच्या तोंडासमोर बोट धरलं. अप्पा गप्प झाले. मी दाराच्या चौकटीला घट्ट धरून उभी होते. बाहेर दूधवाल्याची सायकल थांबली, किटली खणखणली, सायकल पुढं गेली. बाईंनी डोळे मिटले. त्यांच्या दोन्ही कानशिलांवरून पाणी केसांत उतरत होतं आणि तोंड मात्र हसत होतं.

पुढं त्यांचं लग्न दिवाळीनंतर साताऱ्यात रजिस्टर पद्धतीनं झालं. बाईंची तिन्ही भावंडं आली आणि धाकट्या भावानं अप्पांना मिठी मारून रडून घेतलं. आमचा दादा दुबईहून आला, दोन दिवस फुगून बसला आणि तिसऱ्या दिवशी बाईंच्या हातचं थालीपीठ मागून मागून खाल्लं. आज इतक्या वर्षांनी दोघं त्याच घरात राहतात, मे महिन्यात आमच्याकडे येतात आणि पंधरा दिवसांत कंटाळून परत जातात. पण माझ्या लेखी त्यांचं लग्न त्या सकाळीच लागलं आणि साक्षीदार मी एकटीच होते.

बाई सावकाश कुशीवर वळल्या. घमेल्यात थुंकल्या. मी पुढं केलेल्या तांब्यातल्या कोमट पाण्यानं चूळ भरली, एकदा, दोनदा. पदरानं तोंड टिपलं. चष्मा चढवला. अप्पा शाळेतल्या पोरासारखे हात पाठीशी बांधून उभे होते.

"धन्य आहे तुमची, थोरात," बाई म्हणाल्या. "जन्मात पहिल्यांदा मला कोणी विचारतंय आणि तेही माझी वाचा बंद करून! बरं झालं म्हणा एका अर्थी. नाहीतर ऐकल्या ऐकल्या हो म्हणून बसले असते. बायकांनी थोडा तरी वेळ घ्यावा."

"मग?" अप्पांनी विचारलं. "घेतलात वेळ?"

"घेतला." बाईंनी कॉटवरचा लोड थापटून सारखा केला. "हो. आता पडा पाहू, तुमचं तेल राहिलंय."